रुसव्याचे शब्द

घास भरवायचा तर मोबाइल, रडं थांबवायचं तर मोबाइल. एसटीत, दवाखान्यात, लग्नघरात हेच दिसतं. आपण वडीलधारी मंडळी याला चटकन आईबापांचा आळस म्हणून मोकळी होतो. मला ते पटत नाही. दोघं कामावरून दमून आलेली, कुकर लावायचाय, चिऊ-काऊ दाखवायला अंगण उरलेलं नाही. करतील काय?

पण रडं थांबलं म्हणजे राग निवला असं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांचा अभ्यास २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध केला. मुलाला शांत करायला वारंवार मोबाइल दिला जाई तिथे मुलांचा, विशेषतः मुलग्यांचा, चिडखोरपणा जास्त आढळला. अर्थात मुळात चिडक्या मुलाच्याच हाती मोबाइल जास्त जात असेल, हेही खरं.

मी कवी, मला काळजी शब्दांची. रुसवा, फुगवा, हट्ट, त्रागा, किरकिर, भोकाड! लहानग्यांच्या रागाला मराठीत केवढी श्रीमंती! आमच्या घरात मराठी आणि दखनी एकत्र नांदतात. नात गाल फुगवून बसली की तिची दादी विचारते, ‘कायकू रूठी गे?’ मी म्हणतो, ‘रुसूबाई रुसली वाटतं!’ आपल्या पोटात जे खदखदतंय त्याला नाव आहे, हे तिला तेव्हा कळतं. नाव कळलं की सांगता येतं. सांगता आलं की आदळआपट थोडी कमी होते.

नुसता चालू टीव्हीही हे शब्द पळवतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात ३२९ लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक बांधून शब्द मोजले गेले. ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द मुलांच्या कानी कमी पडत होते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाचमध्ये दिवसाला फार तर तासभर. दोन वर्षांखालच्यांनाही सवलत आहे ती अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची. परगावचा मामू पडद्यावरच दिसतो, पण तो विचारतो, ‘आज काय खाल्लंस?’ आणि बाळ ‘भात’ म्हणेपर्यंत थांबतो.