बैलजोडीचा शालू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



समितीतून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याच वाक्याला अडकून मी रडत खाली उतरले होते, हे इथल्या काही जणांना अजून आठवत असेल. पण पलीकडून उत्तर आलं, "भाषण नको गं. लेकीचं लग्न कसं केलंस तेवढं सांग. आता सगळ्यांच्याच घरात लग्नं काढायची वेळ आलीय." म्हणून उभी राहिले.

2024 च्या फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न झालं. लोक त्याला पर्यावरणपूरक लग्न म्हणतात. हा शब्द माझ्या लेकीचा. मी मात्र त्या लग्नाला सगळ्यात जास्त विरोध केला होता. तिथूनच सुरुवात करते.

माझं लग्न 1993 सालचं. आपण सगळी दुष्काळात जन्मलेली पोरं, 72 सालची. माणदेशातल्या शेतकऱ्याकडे असून असून काय असणार? पण लग्न दणक्यात झालं. बँड, हजार पान, मानपानाचे आहेर, पाहुण्यांना टॉवेल-टोपी. मला शालू घेतला. नवरी म्हणून मी खूश होते. आमच्या दावणीची खिल्लार जोडी त्या लग्नासाठी विकली, हे मला माहेरी पहिल्या पंचमीला आल्यावर कळलं. गोठा रिकामा होता. आणि वर जे कर्ज काढलं होतं ते फिटायला सहा वर्षं लागली, हे तर फार नंतर कळलं.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षी बारावी झाला होता. त्याला शेतकीच्या पदविकेला जायचं होतं. तो गेला नाही. तो याच शाळेचा विद्यार्थी आहे, आज तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि त्याला विचारूनच हे सांगते.

आता गंमत बघा. माझ्या लेकीने "आई, लग्न साधं करायचं, शेतात करायचं, कचरा होणार नाही असं करायचं" म्हटल्यावर मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? तीस वर्षं मी सगळ्यांच्या घरी आहेर करत आलेय." आणि माझ्यापेक्षा जास्त कोण चिडलं असेल, तर हा माझा भाऊ. भाचीच्या लग्नासाठी तो सात-आठ वर्षं पैसे बाजूला टाकत होता. तो म्हणाला, "माझ्या भाचीचं लग्न मी गरिबासारखं होऊ देणार नाही." ज्याचं शिक्षण एका लग्नात गेलं, त्यालाच दुसरं लग्न थाटात हवं होतं. त्याचा राग मला तेव्हा कळला नाही. आपण जे सोसलं ते फुकट गेलं, असं त्याला वाटत होतं.

पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी माझी लेक एकटी एस.टी.ने त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "मामा, मला कार्यालय नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिथे वाढले त्या तुझ्या आंब्याखाली लग्न करायचंय. मांडव तू घालायचा. आणि आईचा शालू नेसणार आहे." त्यावर तो काहीच बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी मला फोन आला, "आंब्याखालचं खडकाळ रान सपाट करून घेतो."

आता थोडं कामाचं सांगते, कारण जेवताना निम्म्या जणांनी मला तेच विचारलं.

पहिली गोष्ट, मुहूर्त. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. त्या आधीच्या पावसाळ्यात पाऊस कमीच झाला होता. टँकरच्या पाण्यावर लग्न करून त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं, हे मलाच पटेना. म्हणून विहिरीला पाणी असेल तो महिना धरला. मुलगी म्हणाली, "हा पाण्याचा मुहूर्त."

दुसरी, यादी. पहिल्या यादीत अकराशे नावं होती. मग नियम केला: नवरा-नवरीला किंवा आम्हा आईबापांना ज्याच्याबद्दल दोन वाक्यं तरी सांगता येतील, त्यालाच बोलवायचं. तीनशे उरले. खरं सांगते, बाकी सगळ्या युक्त्या एकीकडे आणि यादी एकीकडे. माणसं कमी झाली की ताटं, पाणी, गाड्या, कचरा सगळं आपोआप कमी होतं. पण नावं खोडताना हात जड होतो. काही जण अजून रुसलेले आहेत.

पुण्याहून वऱ्हाड पंचवीस गाड्यांनी निघणार होतं. व्याह्यांनी एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. येताना सगळे गाणी म्हणत आले. उतरले तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची ओळख झालेली होती.

ताटांचा प्रश्न सगळ्यात अवघड. थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून आपल्या राज्यात बंदीच आहे. मी गावकीची स्टीलची ताटं घ्यायचं ठरवलं. भाऊ म्हणाला, "आणि धुवायला पाणी?" तेव्हा पत्रावळी ठरल्या. व्यापाऱ्याकडून आलेला पहिला गठ्ठा दिसायला पानासारखा, पण फाडून बघितला तर आत प्लास्टिकचा पापुद्रा. परत पाठवला. घेताना एक पत्रावळ फाडून बघा. मग टाचलेल्या पळसाच्या पत्रावळी मिळाल्या, त्या जेवणानंतर शेतातल्या खड्ड्यात गेल्या. तुमच्या गावाला पाणी भरपूर असेल तर स्टीलच बरं. जिथलं गणित तिथे मांडायचं.

जेवण पंगतीत वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आमटी-भात, मठ्ठा आणि खपली गव्हाची खीर. बुफेत माणूस डोळ्यांनी वाढून घेतो. पंगतीत वाढपी समोर येऊन विचारतो, तेव्हा पोटाला विचारून हो-नाही म्हणतो. शेवटी एक पातेलं आमटी उरली, ती मांडव सोडणाऱ्या पोरांनी संपवली.

लग्नाची नोंदणी दोन दिवस आधी झाली होती. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी 3 साक्षीदार लागतात. लेकीने तिसरी सही मामाची घेतली. मांडवात दोघांनी एकमेकांना स्वतः लिहिलेली वचनं वाचून दाखवली. काही पाहुण्यांनी नाकं मुरडली. पण हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. त्यांनी 1873 च्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. दीडशे वर्षं झाली त्याला.

अक्षतांचा तोडगा माझ्या आईने काढला. मला वाटलं होतं, तीच सगळ्यात जास्त अडून बसेल. ती म्हणाली, "अक्षता म्हणजे न मोडलेला दाणा. तो पायाखाली कशाला तुडवायचा?" मग पाच सवाष्णींनी जवळ जाऊन दोघांच्या डोक्यावर चार-चार दाणे ठेवले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षतांसाठी आणलेला पंधरा किलो तांदूळ मुलींच्या वसतिगृहात दिला.

आता चुकलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फुशारकी मारतेय. एका नातेवाइकाने प्रेमाने पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे चाळीस खोके पाठवले. माठ आणि पेले मांडलेले होते, तरी निम्मे खोके फुटलेच. माणसाच्या प्रेमाला नाही कसं म्हणायचं, हे अजून शिकायचंय. दुसरी चूक माझीच. आहेराऐवजी प्रत्येक घराला एकेक रोप दिलं, कडुनिंबाचं नाहीतर चिंचेचं. फेब्रुवारीत! आपल्या भागात! दुसऱ्या दिवशी बांधावर, मांडवाच्या मागे, रस्त्याच्या कडेला मिळून साठेक रोपं टाकलेली सापडली. झाड वाटायचं तर मृगात वाटावं, हे शाळेत भूगोलाच्या सरांनी शिकवलं होतं. मीच विसरले.

त्या दिवशी लेकीने तो शालू नेसला. तीस वर्षांत घडीवर विरला होता, तिथे आतून मऊ कापड लावून घेतलं. बोहल्याकडे नेताना मामाने तिचा हात धरला होता. मी बाजूला उभी होते. तो हळूच तिला म्हणाला, "या पदरात आमची बैलजोडी आहे बरं." ती म्हणाली, "ठाऊक आहे मामा. म्हणून तर नेसलेय." लग्नात मी रडले ती तेवढ्यालाच.

खर्च किती झाला, हे सगळे विचारतात. सव्वातीन लाख, दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा. आणि भावाने साठवलेले पैसे? त्यातून त्याच्या धाकट्या मुलीची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली. हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

मित्रांनो, लग्न कसं करायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही. ज्याला बँड आवडतो त्याने लावावा. फक्त एक विनंती. यादी करायला बसाल तेव्हा आधी घरातल्यांना विचारा, आपल्या घरातलं मागचं लग्न कोणी फेडलं, आणि कशाने फेडलं. उत्तर मिळालं की अर्धी यादी आपोआप खोडली जाते.

जाता जाता एवढंच. ती टाकलेली रोपं माझ्या भावाने न्हाणीच्या सांडपाण्यावर चार महिने जगवली. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणाला लावली. त्यातली एकोणीस आज उभी आहेत. जाताना बघा, आणि जमलं तर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथे ओता.