माणशी पाणी

(माझगाव येथे वस्त्यांमधील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण बसलो आहोत तिथून भंडारवाड्याची टेकडी जवळच आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आणि बागेच्या खाली पाण्याचा जलाशय. दक्षिण मुंबईला त्यातून पाणी जातं. आणि टेकडी उतरून दारूखान्याकडे गेलं, की पहाटे हंडे-कळशा घेऊन उभ्या असतात त्या बायकाच. ज्या शहापूर भागातल्या धरणांतून मुंबईला पाणी येतं, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. तिथेही रांगेत बायकाच.

पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडं लावणं आठवतं. मला आज एका वेगळ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. विलासराव साळुंखे. पुण्याचे इंजिनियर, कारखानदार. 1972 च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले तेव्हा हजारो माणसं, त्यात बायका किती तरी, खडी फोडत होती. पाऊस पडला नाही म्हणून ही पाळी आली, असं सगळे म्हणत. साळुंख्यांनी विचारलं ते असं: जो थोडा पाऊस पडतो, ते पाणी जातं कुठे आणि मिळतं कुणाला? 1974 साली नायगावला देवस्थानची 40 एकर पडीक जमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, तळं केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हे म्हणायला धाडस लागतं! एकाच्या उसाने दहा जणांची ज्वारी वाळते, तर पीक कुठलं घ्यायचं हा एकट्याचा खाजगी मामला कसा राहील?

मरे बुकचिन नावाचे अमेरिकन विचारवंत होते (1921-2006). माणूस निसर्गावर सत्ता गाजवायला शिकला तो आधी माणसावर सत्ता गाजवून, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी त्यांचं नाव ऐकलं नसेल. पण पाणी सातबाऱ्यापासून सोडवलं की गावातली उतरंड हलते, हे त्यांनी करून पाहिलं.

शहरात सातबारा नाही, पुरावा आहे. अमुक तारखेच्या आधीची झोपडी असेल तरच नळ, असा नियम होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वस्ती बेकायदा आहे म्हणून ते नाकारता येणार नाही. मात्र इतरांच्या बरोबरीने द्यायला हवं असं नाही, हेही त्याच निकालात आहे. 2022 मध्ये पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. तरी वर्षानुवर्षांचा हिशेब काय, तर वस्तीत माणशी 45 लिटर आणि इमारतीत 135. तहान तीच, भांडी तीच, मासिक पाळी तीच.

आता साळुंख्यांशी माझं भांडण आहे, तेही सांगते. (या कामात कल्पनाताई साळुंखे बरोबरीने होत्या, ते नाव नेहमी मागे पडतं.) माणसं मोजली तेव्हा बाई मोजली गेली, पोरीही मोजल्या गेल्या. हे मोठंच. पण वाटा मिळाला तो कुटुंबाला. उद्या तिला नवऱ्याने घराबाहेर काढलं, तर तिचा अर्धा एकर तिच्याबरोबर निघतो का?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या गटातल्या एकीला नवऱ्याने टाकलं. दोन मुली घेऊन ती त्याच गल्लीत पोटमाळ्यावर भाड्याने राहते. नळ दहा घरांत एक. त्या जोडणीच्या यादीत नाव नवऱ्याचं. सेक्रेटरी म्हणाला, "तुमच्या घराचा वाटा तर जातोय ना?" जातोय, तो ज्या घरातून तिला काढलं तिथे. ही हंड्यामागे पैसे मोजून पाणी घेते, आणि रांगेत उभं राहायचं म्हणून तिने सकाळचं एक घरकाम सोडलं.

आम्ही सेक्रेटरीशी भांडलो. तो वाईट माणूस नाही. "नियमात बसत नाही," एवढंच त्याचं म्हणणं. मग आम्ही बायकांनी वही केली. तिच्यात घरं लिहिली नाहीत, माणसं लिहिली. त्या दहा घरांत त्रेपन्न निघाली, पोटमाळ्यावरच्या तिघी धरून. नळाची वेळ त्रेपन्नांत वाटायची, असं ठरवायला तीन बैठका लागल्या. दोन घरं अजून मानत नाहीत. त्यातलं एक माझ्या चांगल्या मैत्रिणीचं आहे, तिच्या घरी माणसं कमी आणि पिंप मोठं.

ती वही मी आज आणली आहे. चहानंतर बघा, आणि आपापल्या गल्लीत पोटमाळ्यावर कोण राहतं ते मला सांगा.