लाल तेलाचा रंग जातो कोठे?



आपल्या स्वयंपाकघरातील पामतेल फिकट पिवळे दिसते. पण पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया, घाना या देशांत त्याच फळाचे ताजे तेल शेंदरासारखे लालभडक असते. मग हा रंग जातो कोठे?

तेलताडाच्या फळाच्या गरात कॅरोटीन नावाची रंगद्रव्ये असतात. कच्च्या तेलात ती दर किलोस सुमारे ५०० ते ७०० मिलिग्रॅम भरतात. त्यांतील बीटा-कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो. फारच कमी पडले तर दृष्टीही जाते. म्हणून हा प्रश्न नुसत्या रंगाचा नाही.

बीटा-कॅरोटीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. तिच्यात एकाआड एक असे ११ दुहेरी बंध असतात. या रचनेमुळे तो निळा प्रकाश शोषून घेतो व आपणांस नारिंगी-लाल दिसतो. उष्णतेने प्रथम ही साखळी काही ठिकाणी वाकते व तिचा गुण घटतो. उष्णता आणखी वाढली, हवेतील प्राणवायू मिळाला, की साखळी तुटते. रंग जातो आणि त्याबरोबर जीवनसत्त्वही जाते.

तेल काढण्यापूर्वी ही फळे वाफेवर शिजवतात, तरी तेल लालच राहते. म्हणजे सौम्य उष्णता वैरी नव्हे, प्रखर उष्णता वैरी आहे. कारखान्यात प्रथम विशिष्ट मातीने रंग शोषून घेतात; मग वास घालविण्यासाठी निर्वात टाकीत तेल सुमारे २४० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तेथे उरलेसुरले कॅरोटीनही नष्ट होते. नायजेरियात काही रश्श्यांसाठी गृहिणी लाल तेल मुद्दाम पांढुरके होईपर्यंत तापवितात. परिणाम तोच. उलट मलेशियात कमी उष्णतेवर शुद्ध केलेले लाल तेलही तयार होते. त्यात बहुतेक कॅरोटीन टिकून राहते.

आज आपल्याकडील काही तेलांच्या पिशव्यांवर '+एफ' असे चिन्ह असते. त्या तेलात 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे बाहेरून मिसळलेली असतात. परंतु तेच तेल कढईत पुन:पुन्हा उकळविले तर हे 'अ' जीवनसत्त्वही घटत जाते.

माताभगिनींना माझी विनंती एवढीच, की तेल धूर येईपर्यंत तापवू नये आणि तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. लाल भोपळा, गाजर, मेथी, शेवग्याचा पाला यांतही कॅरोटीन भरपूर आहे. या भाज्या झाकण ठेवून, थोड्या तेलात, बेताच्या आचेवर शिजवाव्यात. कॅरोटीन तेलात विरघळते, म्हणून ते अंगी लागण्यास थोडे तेल हवेच.

विद्यार्थी मित्रांनो, शास्त्र पुस्तकात असते तसे चुलीवरही असते. घरी जाऊन हे आईला जरूर सांगा.