बेटावरचे शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या विदुषीला बोलवावे, ही आपली दरवर्षीची पद्धत. यंदा कार्यकारिणीने ठरविले की घरच्याच बाईने चार शब्द सांगावेत, आणि ती पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली, संसारातच रमलेली बाई. तेव्हा माझे बोलणे पुस्तकी होणार नाही. जे वाचले, जे जाणत्यांना विचारून घेतले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

विषय मी निवडला तो बेटांवर राहणाऱ्या ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यांचा. तो ऐकून एक भगिनी मला म्हणाल्या, "अहो, आपण डोंगराखालच्या बायका. आपल्याला बेटांशी काय करायचे?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याची माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर सावित्रीने दिलेले आहे. २२ जुलै २०२१ चा दिवस आठवा. तिकडे तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला आणि महाड शहर चोहोबाजूंनी पाण्यात सापडले. त्या रात्री आपले महाड बेटच झाले होते. वरच्या मजल्यावर जो कोणी असेल तोच आपला सोबती. बेटाची खूण हीच आहे, की तेथून उठून दुसरीकडे जाता येत नाही आणि शेजारी बदलून मिळत नाही.

दुसरे उत्तर आपल्या कपाटात आहे. मोहल्ल्यातील दोघी भगिनींनी मंडळाच्या सभासदत्वासाठी अर्ज केले, त्याला चार महिने झाले. ते अर्ज मंजूर झाले नाहीत आणि नामंजूरही झाले नाहीत. दोन धर्मांची माणसे एका ठिकाणी नांदतात ती कशी, हे या निमित्ताने पाहावे असे मला वाटले. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात जगाच्या पाठीवर लढाया काही थोड्या झालेल्या नाहीत. त्यांनाही बेटावर एकमेकांजवळ राहावे लागले. ते कसे राहिले?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. मुरूडजवळच्या राजपुरीच्या खाडीतला जंजिरा आपल्यापैकी पुष्कळजणींनी होडीतून जाऊन पाहिला असेल. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, आणि त्याचा अर्थच मुळी बेट. तेथे राज्य करणारे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतल्या हबश देशाचे. म्हणून त्यांच्या मुलुखाला आपले जुने लोक 'हबसाण' म्हणत. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि आज किल्ल्यात वस्ती नाही.

या हबश देशाची एक गोष्ट मुसलमान घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केत पैगंबरसाहेबांच्या अनुयायांचा छळ होऊ लागला. तेव्हा त्यांनी काहीजणांना सांगितले, की समुद्रापलीकडे हबश देशात जा, तेथला राजा न्यायी आहे. तो राजा ख्रिस्ती होता. मागोमाग मक्केची माणसे नजराणे घेऊन दरबारात आली आणि म्हणाली, "आमची माणसे परत द्या." राजाने त्या आश्रितांना विचारले, "तुमचा धर्म काय सांगतो?" त्यांच्यापैकी जाफर नावाच्या तरुणाने कुराणातील मरियमचा भाग म्हणून दाखविला. मरियम म्हणजे येशूची आई, जिला ख्रिस्ती लोक मारिया म्हणतात. ते ऐकून राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने आश्रितांना परत देण्याचे नाकारले.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तेथे कोणी वाद जिंकला नाही. एकाने विचारले, दुसऱ्याने आपल्याजवळचे सांगितले, आणि दोघांनाही वंद्य अशी एक आई मध्ये उभी राहिली. कुराणात नाव घेऊन उल्लेख आहे तो एकाच स्त्रीचा, मरियमचा. तिच्या नावाचे एक संपूर्ण प्रकरणच आहे. येशूला मुसलमान 'ईसा' म्हणतात आणि पैगंबर मानतात. मात्र ख्रिस्ती त्याला देवाचा पुत्र मानतात, ते मुसलमानांना मान्य नाही. येशूला क्रुसावर मरण आले हेही ते मानीत नाहीत. हा फरक मोठा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चांगला शेजार व्हायला दोन्ही घरांचे देव्हारे सारखे असावे लागत नाहीत.

आता जंजिऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर या. रेवदंड्याच्या समोर, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. अगदी बेट नव्हे, पण तिन्ही बाजूंना पाणी. जवळचे चौल हे फार जुने बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी तेथे आला, तेव्हाही तेथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. पुढे पोर्तुगीज आले आणि तोफा सुरू झाल्या. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात त्यांची इजिप्तच्या आरमाराशी लढाई झाली, १५७०-७१ मध्ये निजामशाहीने चौलला वेढा घातला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला. तेव्हा आमच्या भागात ख्रिस्ती आणि मुसलमान यांची ओळख गोडीगुलाबीने झाली, असे मी म्हणणार नाही.

परंतु १७४० च्या सुमारास पोर्तुगीज येथून गेले, आणि त्यांच्यामागे डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती घरे राहिली. ती आजही आहेत. बाहेर मराठी आणि घरात पोर्तुगीजवरून झालेली आपली बोली बोलतात. तिला ती माणसे 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पावणेतीनशेहून अधिक वर्षे शाळा नाही, छापील पुस्तक नाही, तरी ती भाषा टिकली. भगिनींनो, ती कोठे टिकली असेल? चुलीपाशी आणि पाळण्यापाशीच ना? तोफा किल्ल्यावर गंजत राहिल्या.

आता मुंबईला चला. आपल्या घराघरांतून कोणी ना कोणी चाकरमानी तेथे आहेच. मुंबई मूळची सात बेटे. त्यांतले एक माहीम. तेथे मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा आहे. त्यांचा काळ १३७२ ते १४३१. कुराणावर भाष्य लिहिणारे मोठे पंडित म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि आपल्याकडच्या कोकणी मुसलमानांत त्यांना फार मान. त्यांची अशी कथा सांगतात, की एका रात्री आईने पाणी मागितले. ते पाणी घेऊन येईतो आईचा डोळा लागला. तिची झोप मोडू नये म्हणून हा मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. ऐकताच आपल्याला पुंडलिक आठवतो की नाही? डिसेंबरात तेथे मोठा मेळा भरतो, आणि मुंबई पोलिसांची चादर तेथे मानाने चढते.

त्याच माहीममध्ये सेंट मायकलचे चर्च आहे. मूळचे पोर्तुगीजांच्या काळचे. १९४८ पासून तेथे दर बुधवारी मारियामातेची नोव्हेना होते. माझे दीर माहीमला असतात, त्यामुळे तो बुधवार मी पाहिला आहे. बाहेर मेणाच्या बाहुल्या, मेणाची घरे, मेणाचे हातपाय विकायला मांडलेले असतात. मूल व्हावे म्हणून बाहुली, खोली मिळावी म्हणून घर. रांगेत कुंकवाच्या बायका असतात, फ्रॉकातल्या असतात आणि बुरख्यातल्याही असतात. एका जागी मुलाने जपलेली आई आणि दुसऱ्या जागी मुलाला जपणारी आई, अशी दोन्ही ठिकाणे एकाच बेटावर आहेत.

माहीमच्या पलीकडे वांद्रे, जेथे सप्टेंबरात माऊंट मेरीची जत्रा भरते. मध्ये खाडी होती. होड्या बुडून माणसे मरत. सरकार पूल बांधीना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली, की कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. तो रस्ता १८४५ साली खुला झाला. बाई पारशी, आणि रस्ता झाला तो सगळ्यांसाठी. महिला मंडळाने ही गोष्ट विसरू नये.

पण सगळीकडे गोडच आहे असे नाही. श्रीलंकाही बेटच. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टर सणाच्या सकाळी तेथील चर्चमध्ये आणि हॉटेलांत बाँबस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. ते कृत्य मूठभर माथेफिरू मुसलमानांचे होते. कोलंबोच्या ज्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये स्फोट झाला, तेथे सर्व धर्मांचे लोक नवस करीत. पुढच्याच महिन्यात काही गावांतून जमावाने निरपराध मुसलमानांची दुकाने आणि मशिदी फोडल्या. तेथले ख्रिस्ती धर्मगुरू, कार्डिनल माल्कम रंजित यांनी स्वतःची माणसे गमावलेली असूनही आपल्या लोकांना हात आवरायला सांगितले. असे सांगणाऱ्याचे लोक ऐकतात, ते आधीची ओळख असेल तर. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आपल्या मोहल्ल्यातील पुष्कळ घरांतले कर्ते पुरुष आखातात नोकरीला आहेत. अबू धाबी शहरही बेटावरच वसलेले. २०१७ मध्ये तेथे चर्चशेजारच्या एका मोठ्या मशिदीचे नाव बदलून 'ईसाची आई मरियम' असे ठेवण्यात आले. पोप फ्रान्सिस आणि इजिप्तच्या अल-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी बंधुभावाच्या पत्रकावर सह्या केल्या, त्याही त्याच शहरात. बहारीन हे तर बेटांचेच राज्य. तेथल्या मुसलमान राजाने दिलेल्या जमिनीवर मारियामातेचे मोठे चर्च उभे राहिले, १० डिसेंबर २०२१ रोजी ते पवित्र करण्यात आले. राजाचे नाव हमद बिन ईसा. वडिलांचे नाव ईसा, म्हणजे पाहा, येशूचे नाव मुसलमान राजघराण्यातही आहे.

धर्मांची चर्चा पूर्वीही होत असे. १५८० मध्ये अकबर बादशहाने गोव्याहून ख्रिस्ती पाद्री फत्तेपूर सिक्रीला बोलावून घेतले. रात्र रात्र मौलवींशी वाद झाले. कोणी कोणाला पटवू शकले नाही. पंडितांच्या चर्चेला मी नावे ठेवीत नाही. त्याच रोमच्या चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी लेखी जाहीर केले, की मुसलमानांबद्दल आम्हांला आदर आहे आणि तेही मारियेचा मान राखतात. एवढे लिहायला शतके लागली. पण मरियम तुमचीही आणि आमचीही, हे नोव्हेनाच्या रांगेतल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

मग या सगळ्यांतून मला काय उमगले? हबशाच्या राजाने जागा दिली. बहारीनच्या राजाने जागा दिली. अवाबाईंनी वाट दिली. समजुतीची सुरुवात जागा देण्यापासून होते, बोलणे मागून येते.

आणि जागा देण्याचा धडा महाडला कोणी बाहेरून शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर दलित बांधवांना मारहाण झाली. तेव्हा त्यांतल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरात परिषद भरवायची, तर जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या जागेवर २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्याच दिवशी, मनुस्मृतीचे दहन झाले. ज्यांच्यासाठी जागा दिली ते त्यांच्या धर्माचे नव्हते.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. कपाटातले ते दोन अर्ज येत्या सभेत बाहेर काढावेत. आपले शिवणवर्ग, बचतगट, पापडांचे काम यांत कोणाचा धर्म आड येतो? हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे. कुंकू घेणार नाहीत, वाण तर घेतील. ईदेला आपण त्यांच्या घरी जावे आणि रोजा कशासाठी धरतात ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. मोबाईलवर कोणा धर्माविषयी भलतेसलते आले, तर पुढे पाठविण्याआधी त्या धर्माच्या एखाद्या बाईला विचारावे. विचारायला ओळखीची बाई हवी, म्हणून तर त्यांना मंडळात घ्यायचे. आणि यंदाची सहल नेहमीच्या देवस्थानाला न नेता कोर्लई आणि जंजिऱ्याला न्यावी, दोन्ही एका दिवसात होतात. त्या दोघी भगिनीही बरोबर असाव्यात.

माझे बोलणे लांबले. कोणाला काही खटकले असेल तर चहाच्या वेळी खुशाल सांगावे.