हिंदूरावच्या टेकडीवरून



दिल्लीच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयाला बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे नाव आहे, हे सांगताना आम्हां मराठी मंडळींची छाती उगीचच फुगते. तेथून उत्तरेस, किंग्जवे कॅम्पला, राजन बाबू क्षयरोग रुग्णालय आहे. आजचे बोलणे त्या रोगाविषयी.

रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड यांना न जुमानणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चाले. महिनोन्‌महिने कानामायसिनची सुई टोचून घ्यावी लागे. जंतू मरत; पण कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. बरे होण्याची ही केवढी किंमत!

बेडाक्विलिनने हे चित्र पालटले. जंतूची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणाच ते बंद पाडते. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली; भारतात ते २०१६ मध्ये मोजक्या रुग्णालयांतून आले. २०२४ मध्ये सरकारने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारास संमती दिली. त्यात सुई नाही. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, तेव्हा डॉक्टरांची देखरेख हवीच.

मात्र बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू आता आढळू लागले आहेत. आणि सोयरीक मोडेल या भयाने मुलीचा खोकला लपविणारी घरे आम्ही आपल्याच मंडळींत पाहिली आहेत.