संस्थांचे म्हणणे आणि संसदेची जबाबदारी

(नाचणगाव येथील सभेतील भाषण)



संस्थेचे काम करताना आम्हाला एक अनुभव वारंवार येतो. बैठकीचे बोलावणे येते, सह्या होतात, चहा होतो. आमच्या म्हणण्याचे पुढे काय झाले, ते मात्र कोणी सांगत नाही. गावाच्या कामाचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. पण कायदा करताना सरकारने संस्थांचे ऐकले की नाही, हे कोणी विचारावे? आमचे उत्तर आहे : संसदेने.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२८ साली सभेच्या वतीने सायमन कमिशनला लेखी निवेदन दिले आणि पुण्यात साक्षही दिली. त्या कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता. तरीही आपले म्हणणे कागदावर आलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज तर लोकसभेत आपणच निवडून दिलेले सदस्य बसतात.

संसद ऐकते तेव्हा काय घडते, ते वनहक्क कायद्यात दिसले. १३ डिसेंबर २००५ रोजी मांडलेल्या विधेयकात फक्त अनुसूचित जमातींचा विचार होता, आणि ताबा २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा हवा होता. विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीने संघटनांचे म्हणणे ऐकले. शेवटी २००६ च्या कायद्यात ती तारीख १३ डिसेंबर २००५ झाली व इतर पारंपरिक वननिवासींनाही स्थान मिळाले. समितीच्या सर्व शिफारशी मान्य झाल्या नाहीत. पण काय सुचवले होते, याची नोंद राहिली. याच कायद्याखाली २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

२०१४ साली केंद्र सरकारने ठरवले की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संसदेच्या स्थायी समितीपुढे मांडावा. धोरण चांगले आहे. परंतु तो कायदा नव्हे. शिवाय विधेयक समितीकडे गेलेच नाही, तर गोषवारा तपासणार कोण? पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली; सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) सुमारे १६ टक्केच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणाला बोलावले, ते काय म्हणाले आणि ते का नाकारले, याचा हिशेब संसदेने प्रत्येक विधेयकाबरोबर सरकारकडून घ्यावा.

आपलेही कर्तव्य आहे. संसदीय समित्या जाहिरात देऊन निवेदने मागवतात, ती हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागतात. विद्यार्थी मित्रांनो, वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून देण्याचे हे काम तुमचे आहे. निवेदन पाठवा, पोच जपून ठेवा, एक प्रत आपल्या खासदारांना द्या, आणि पुढे काय झाले ते त्यांना विचारा. विचारणारा असेल, तरच हिशेब दिला जातो.

जयभीम!