‘ही’ म्हणजे नेमकं कोण?

(महिला कार्यकर्त्यांच्या इंग्रजी वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

वर्गाच्या पहिल्याच दिवशी आपण एका शब्दाशी अडलो. इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे पुरुष. मराठीतली ‘ही’ म्हणजे बाई, आणि ‘आमची ही’ म्हणजे तर थेट बायको! आपण खूप हसलो. पण सर्वनाम, भूतकाळ आणि क्रियाविशेषण या गोष्टी आपल्या कामात हसण्यावारी नेता येत नाहीत. अर्ज, जबाब, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत जातं तेव्हा त्या बाईच्या बाजूने उभ्या राहतात, नाहीतर विरुद्ध.

आधी सर्वनाम. आपल्याकडे अनेक जणी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मार खाऊन आलेली बाईसुद्धा ‘त्यांनी मारलं’, ‘त्यांनी हाकललं’ असं आदराने बोलते. हे शब्दशः इंग्रजीत नेलं की ‘दे बीट मी’ होतं, म्हणजे अनेकांनी मारलं. मग उलटतपासणीत प्रश्न येतो, ‘सासूने मारलं? दिराने मारलं? नाही? मग खोटं का लिहिलंत?’ बाई खोटं बोललेलीच नसते. तिने दिलेला आदर भाषांतरात अनेकवचन झालेला असतो. म्हणून ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ हे विचारा आणि नाव लिहा. खरोखर चौघांनी मारलं असेल, तर चौघांचीही नावं लिहा.

आता भूतकाळ. ‘मला मार बसला’, ‘मी भाजले’ ही मराठीत पूर्ण वाक्यं आहेत. त्यांत मारणारा, जाळणारा कुठेच नाही. इंग्रजीतही ‘शी वॉज बीटन’ म्हणून त्याला लपवता येतं. ‘ही बीट मी’ म्हटलं की कर्त्याला पुढे यावंच लागतं. पण इथे आणखी एक मेख आहे. ‘बीट’चा भूतकाळ ‘बीट’च. ‘ही बीट मी’ म्हणजे त्याने मारलं, घटना झाली आणि संपली. ‘ही बीट्स मी’ म्हणजे तो मारतो, आजही. फरक फक्त एका ‘स’चा! ‘ही यूज्ड टू बीट मी’ लिहिलंत तर पूर्वी मारायचा, आता थांबला, असा अर्थ निघतो. मार अजून चालू असेल आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागायचं असेल, तर हा काळ चुकून चालणार नाही.

तिसरं क्रियाविशेषण. बाई म्हणते, ‘नुसती एक चापट मारली.’ हे ‘नुसती’, इंग्रजीतलं ‘ओन्ली’, चापटीचं माप नव्हे. सोसून घ्यायच्या सवयीचं माप आहे. दुसरी म्हणते, ‘नेहमी मारतो.’ आपण ‘ऑलवेज’ लिहितो. समोरचा वकील विचारतो, ‘दिवाळीच्या दिवशीही?’ ती गप्प होते. म्हणून तिच्या तोंडचा शब्द बदलू नका, पण कधी, किती वेळा, कशाने, हे शांतपणे विचारून तिच्याच शब्दांत लिहा. एक तारीख दहा ‘नेहमी’पेक्षा जास्त टिकते.

आणि कायद्याचं काय? 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात लिहिलं होतं की ‘ही’ या सर्वनामात स्त्रीही येते. म्हणजे शिक्षेच्या वेळी बाई ‘ही’मध्ये आली. पण 1916 साली रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंग येतं, असा सर्वसाधारण कायदा तेव्हाही होता. तो त्यांच्या कामी आला नाही. बायकांना वकिली करता यावी म्हणून 1923 साली वेगळा कायदा करावा लागला. दंड भोगायला एक सर्वनाम पुरलं, हक्क मिळवायला मात्र कायदा लागला!

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आता स्त्री, पुरुष आणि पारलिंगी हे सगळे ‘ही’मध्ये धरले आहेत. व्याख्या रुंदावली, सर्वनाम मात्र तेच राहिलं. आपल्या मराठी व्याकरणाला तरी कुठे हसावं? ‘मी’सुद्धा तिथे ‘प्रथम पुरुष’च!

मैत्रिणींनो, इंग्रजी साहेबी दिसावं म्हणून आपण शिकत नाही. ज्या कागदावर बाई अंगठा उठवते, त्यावर तिचंच म्हणणं आहे की नाही, हे तिला वाचून सांगता यावं म्हणून शिकतो. पुढच्या वेळी सही घेण्याआधी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: कोणी? कधी? किती वेळा?

एवढं बोलून थांबते.